काकांच्या नावाने गेलेला चौथा मेसेज

आमच्या ऑफिसातल्या काकांची अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षांची ओळख होती, ती मी एका हंगामात वापरून संपवली.

कारखान्यांतल्या मशीनना लागणारं कटिंग ऑइल आमची कंपनी विकायची. ऑफिस गंगापूर रोडला, गिऱ्हाइकं सगळी अंबडला. काका तिथे विक्रीसाठी स्कूटरवर फिरायचे. कुठल्या शेडमध्ये कोणती लेथ आहे, कुठला मालक बिनसाखरेचा चहा घेतो, हे त्यांना पाठ होतं. मला घेतलं ते हे सगळं मोडीत काढायलाच. नोकरी-धंद्यातली माणसं जिथे एकमेकांना जोडून घेतात त्या साइटवर यादीतल्या प्रत्येकाला आपोआप मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर मी चालवायचे. मेसेज कुणातरी माणसाच्या नावाने जावे लागतात. मी काकांचं खातं उघडलं, त्यांचा सफारीतला फोटो लावला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला.

"मॅडम, यात मी काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही फक्त चेहरा."

ऑफिस हसलं. काकाही हसले, आणि मला ते फार आवडलं.

इंग्रजी मेसेजना कुणी भीक घालेना, म्हणून मी ते मराठीत केले. पहिला ओळखीचा, दुसरा फुकट नमुन्याचा, तिसरा आठवण करून देणारा. चौथ्यावर मी खरी मेहनत घेतली. एक मऊ मजकूर लिहिला, एक टोचणारा, आणि अर्ध्या-अर्ध्या यादीला पाठवून पाहिले. टोचणाऱ्याला कितीतरी जास्त उत्तरं आली. विनंतीला गप्प बसणारा माणूस अपमानाला लगेच उत्तर देतो, हा शोध मला लागला आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. मग सगळ्यांना तोच जायला लागला: "तीनदा लिहूनही आपण साधं उत्तर दिलं नाहीत. आपल्याला माणसांची किंमत नसेल तर तसं कळवा, मी पुन्हा आपल्या दारात येणार नाही."

याच सुमाराला काकांच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलाच्या वडिलांचं अंबडलाच वर्कशॉप होतं. पोरगी एकुलती एक, दोन स्थळं आधी फिसकटलेली, त्यामुळे काका हवेत होते. एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली.

"मॅडम, ही सात नावं तेवढी यादीतून गाळा. पहिलं व्याह्यांचं हाय. आपण मुलीकडचे. तिथं माझ्या नावानं काय भलतंसलतं जायला नको."

"गाळते," मी म्हणाले.

गाळलं नाही. विसरले असते तर आज बरं वाटलं असतं. ओळखीतली माणसं हमखास उत्तर देतात आणि मला महिनाअखेरीला साहेबांना आकडा दाखवायचा होता. शिवाय व्याही झाला म्हणून काय, तोही ऑइल घेणारच होता ना.

पहिल्या तीन मेसेजांवर त्या घरात कुजबुज झाली, असं मला मागाहून कळलं, की नातं पुरतं जुळलं नाही तोच हे तेल विकायला निघाले. मग चौथा गेला. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला लिहिलेला. त्याचं उत्तर सगळ्यात आधी मीच वाचलं: "ठीक आहे. येऊ नका." सॉफ्टवेअरने त्यापुढे 'उत्तर मिळालं' अशी हिरवी खूण केली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरला होता.

"मॅडम, एक फोन करा. हे मशीननं धाडलं एवढंच सांगा. माझं त्यांना खोटं वाटंल, तुमचं ऐकतील."

"काका, अंबडमध्ये एकाला सांगितलं की दुपारपर्यंत गावभर होतं. मग तुमचे मेसेज कोण वाचेल?" तुमचे, असंच म्हणाले मी. "आणि तुम्हीही आता कुणाला सांगत बसू नका. नोकरी ठेवायची असेल तर."

ते गेले. मला दया आली नाही, खरं सांगायचं तर कटकट गेली असं वाटलं.

चार दिवसांनी मीच विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. व्याह्यांच्या घरी जाऊन ते पाया पडले होते. समोरून एकच प्रश्न आला, हे तुम्हीच लिहिलं का? काका हो म्हणाले. साखरपुड्याची साडी आणि अंगठी त्याच संध्याकाळी दोन्हीकडून परत गेली.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"बोलत नाय माझ्याशी. जेवायचं ताट दाराशी ठेवतो, ते घेती."

"पण घरी तरी खरं सांगितलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. "नाय. तुम्ही म्हणला ना मॅडम, कुणाला सांगायचं नाय."

मला अंबडपुरतं म्हणायचं होतं. घरी सांगा, मुलीला आत्ताच फोन लावा, एवढं मी त्या क्षणी बोलू शकत होते. पण मग ती मुलगी ऑफिसात आली असती आणि तिने मला विचारलं असतं. मी म्हणाले, "बरं केलंत."