गोटीवरचा नारळ

गाव सोडायच्या सकाळी जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि मी दर्ग्यासमोर शर्ट काढून उभा होतो. सोनईपासून जवळच आमचं गाव. तिथे पीरसाहेबांचा दर्गा आणि मारुतीचं देऊळ समोरासमोर आहेत, आणि मधल्या मोकळ्या जागेत लिंबाखाली एक काळा गोल दगड पडलेला असतो. त्याला आम्ही गोटी म्हणतो. लांब जाणाऱ्या गड्याने गोटी उचलून खांद्यावर घ्यायची, पाठीमागे टाकायची आणि वळून न बघता निघायचं, अशी गावाची रीत. मी तर दर उरुसाला गोटी उचलणारा. त्या दिवशी मला लवकर टाकायची नव्हतीच. खांद्यावर घेऊन मिरवत राहिलो.

"टाक आता, लई झालं," अब्बा म्हणाले. "गाडी चाललीय तुझी."

अब्बा घोडेगावच्या कांदा बाजारात हमाली करायचे. घरात आम्ही दखनी बोलतो, इथे तेही मराठीतच सांगतोय, पण गोटीपाशी अब्बांची भाषा गावाची, मराठीच. मी गोटी टाकली, धप्प आवाज झाला आणि वळून न बघता जीपमध्ये बसलो. अम्मी मागून काहीतरी ओरडत होती, ते हॉर्नमध्ये ऐकूच आलं नाही. पुढे फोनवर विचारलं तेव्हा कळलं, डब्यातली चटणी आधी खा, ती खराब होईल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी लिथुआनियाला ट्रक चालवायला आलो. गावातल्या पोरांनो, तुम्हाला वाटतं तसं परदेश म्हणजे काही चकचकीत नसतं. परदेश म्हणजे ट्रकची केबिन, ओला रस्ता आणि काळा आंबट पाव. गुलाबी रंगाचं बिटाचं थंड सूप पहिल्यांदा पुढे आलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ताकात रंग सांडला. आता तेच मी मागून घेतो. जे माझ्यासारखे बाहेर पडले, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, त्यांना हे सांगायला नको. जिभेला सवय लागते. मन मात्र हट्टी, ते आपल्या जागी बसून राहतं.

कौनास शहरात मला राहायला खोली मिळाली. शहराच्या कडेला जुन्या गोदामात एक तालीम होती. तिथे माणसं लाकडाचे ओंडके डोक्यावर उचलायची, ट्रकचे टायर उलथवायची, आणि कोपऱ्यात एका रांगेत सिमेंटचे गोल दगड ठेवलेले. ते पाहिले आणि माझे हात शिवशिवले. घर सोडल्यानंतर पहिल्यांदाच ओळखीचं काही दिसलं होतं.

उन्हाळ्यात इकडे गावोगाव जत्रा भरतात आणि त्यात ताकदीच्या स्पर्धा असतात. एकीत मी नाव दिलं. दगड उचलून समोरच्या पिंपावर ठेवायचा, असं पंचाने सांगितलं असणार. मला भाषा कळत नव्हती आणि विचारायची लाज वाटत होती. मी दगड छातीशी घेतला, खांद्यावर चढवला आणि आपल्या रीतीप्रमाणे पाठीमागे भिरकावला. मागचा पंच उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. मी वळूनसुद्धा न बघता थेट मैदानाबाहेर चालू लागलो! सगळी जत्रा हसत होती. मला बाद केलं.

हसणाऱ्यांत सगळ्यात मोठ्याने हसला तो यूर्गिस. त्या देशातला नावाजलेला बलवान. पॉवरलिफ्टिंगमध्ये त्याने पदकं मिळवली होती, मग ताकदीच्या स्पर्धांत तो वर्षानुवर्षं पहिला येत होता. आपल्या दारातून आडवंच आत यावं लागेल अशी छाती. तो जवळ आला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "माझ्या गावाने." दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या तालमीत जाऊ लागलो. मागे टाकायची माझी खोड मोडायला त्याला बराच काळ घाम गाळावा लागला.

मग माझेही दिवस आले. खोटं कशाला बोलू, मी यूर्गिस झालो नाही. पण जत्रांमधून नंबर येऊ लागला, छोटे-मोठे चषक मिळाले, पेपरात फोटो आला. फोटो गावी पाठवला की अम्मीचा फोन ठरलेला, "किती वाळलास रे!" माझ्या मांडीएवढी तिची कंबर, पण वाळलेला मीच. आठवडाभर ट्रक आणि सुट्टीला तालीम. यूर्गिसचा एकच मंत्र होता, "अजून एक." उचललं की अजून एक. दुखलं की अजून एक. ऐकून ऐकून मीही स्वतःला तेच सांगू लागलो.

यूर्गिसचा खांदा फाटला तेव्हा सगळे म्हणाले, संपला. तो परत आला आणि जिंकला. मग गुडघा गेला. पुन्हा आला. आता त्याची पन्नाशी जवळ आली आहे. सकाळी बूट घालताना तो खुर्चीवर बसून आधी थोडा वेळ बुटांकडे नुसता बघत राहतो. तरी प्रत्येक वर्षी म्हणतो, हे शेवटचं वर्ष. त्याला थांबवणारं कुणी नाही. लोकांना तो उचलताना हवा असतो, आणि त्यालाही आपण तसंच दिसावं असं वाटतं.

एकदा मी त्याला गोटीची दुसरी रीत सांगितली. गड्याचं वय झालं की त्याने उरुसाच्या दिवशी गोटीवर नारळ फोडायचा. दर्ग्याचा मुजावर आणि देवळाचा गुरव दोघंही तिथे असतात. खोबरं सगळ्यांना वाटायचं, आणि त्यानंतर त्या माणसाला गोटी उचल असं कुणी म्हणायचं नाही, चेष्टेतसुद्धा नाही. तो पारावर मानाने बसतो. नारळ फोडला नाही तर मात्र दरवर्षी नावाचा पुकारा होतो. अब्बांनी नारळ फोडला तेव्हा मी शाळेत शिकत होतो. लोकांसमोर ते हसत होते. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले आणि जेवायलाही उठले नाहीत.

यूर्गिसने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आमच्याकडे असा नारळ नाही." मग म्हणाला, "गावी जाशील तेव्हा एक आण."

गेल्या उरुसाला मी गावी गेलो. जाण्याआधी कौनासच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो दाखवून सांगितलं होतं, पुन्हा जड उचललंस तर पाय चालतील याची खात्री नाही. हे मी घरी कळवलं नव्हतं. गावात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. पासपोर्टात अहमदनगर, फ्लेक्सवर अहिल्यानगर, आणि खाली 'नगरी वाघ, लिथुआनिया'. पोरं मोबाईल घेऊन तयार होती. एवढ्या लांबून येऊन गोटी उचलायची नाही, हे मला सांगता येईना. ठरवलं, एकदा उचलू. अजून एक.

घरी अम्मीने ताट वाढलं. मी उभ्या-उभ्याच जेवू लागलो. म्हणालो, तिकडं अशीच सवय आहे.

"उभं राहून कोन जेवतं?" अम्मी म्हणाली. "खाली बस."

मी बसलो नाही. ती माझ्या कमरेकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची आणून दिली आणि अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली ही गर्दी. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी शर्ट काढला, हाताला माती चोळली, वाकलो. कमरेत जी कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. बोटं गोटीखाली घातलेली होती. तेवढ्यात माझ्या समोर गोटीवर एक नारळ येऊन टेकला. धरणारा हात अब्बांचा होता.

"टाक आता," ते हळूच म्हणाले. "लई झालं, बेटा."

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "चाचा, एकदा तरी उचलू द्या की!" अब्बांनी तिकडे पाहिलंही नाही. मी नारळ घेतला आणि गोटीवर आपटला. पाणी काळ्या दगडावरून ओघळलं आणि मला रडू आलं, सगळ्या मोबाईलांसमोर. किती वर्षांत मला कुणी थांब म्हणालं नव्हतं. परदेशात सगळे म्हणतात, जमेल तुला, अजून जमेल. ते चांगुलपणानेच म्हणतात. पण मी दमलोय हे त्यांना दिसत नाही, मी दाखवलंही नव्हतं.

त्या रात्री मी घरी आडवा पडलो, अगदी अब्बांसारखा भिंतीकडे तोंड करून. अम्मी पायाला तेल चोळत होती आणि मी वाळलो आहे हे सांगत होती.

यूर्गिससाठी मी एक नारळ आणला. त्याने तो तालमीतल्या फळीवर, चषकांच्या शेजारी ठेवला. फोडला नाही. म्हणाला, हे वर्ष संपू दे.

मी आता ट्रक चालवत नाही, ऑफिसात बसून गाड्यांच्या वेळा बघतो. संध्याकाळी तालमीत जातो तो नुसता बसायला. पारावर बसतात तसा. घर कुठं असं कुणी विचारलं की मला लिंबाखाली नारळ धरणारा अब्बांचा हात आठवतो, गाव नंतर आठवतं. तो हात माझ्यासोबत इथे आला असावा, असं हल्ली वाटतं.

मागच्या रविवारी यूर्गिसने सगळ्यात मोठा दगड छातीशी घेतला. पिंपापर्यंत जाईना. चेहरा काळानिळा पडला होता. बाकीचे टाळ्या पिटत ओरडत होते, अजून, अजून. मी खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर गेलो आणि तोंडून मराठीच निघालं, "टाक आता."

त्याला मराठी कुठून येणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दगड सोडून दिला. मी फळीवरचा नारळ काढायला गेलो.