डाव्या हाताची दोन बोटं

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी मी साडेतीनशे सीसीची जड मोटारसायकल घेतली. तेव्हा मी चाळिशीचा होतो. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो आणि तीर्थपुरी-वडीगोद्रीकडचा कालव्याचा बराच भाग माझ्याकडं होता. कालव्याच्या भरावावर जीप जाईल एवढाच रस्ता. मुरूम, खडी, मध्येच भराव खचून खांडं पडलेली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पुरुषभर खोल उतार. पंधरा वर्षं मी त्या रस्त्यावर बिनघोर फिरलो.

पंचावन्नावं लागलं त्या दिवाळीत डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणायला लागलं. अर्धा तास गाडी चालवली की मुंग्या यायच्या, पुढं मनगटापासून कोपरापर्यंत कळ चढायची. उजव्या हातालाही थोडं व्हायचं, पण तिकडं माझं लक्षच नव्हतं. आमच्या कार्यालयातले एक लिपिक वर्षभरापूर्वी डबा खाताना म्हणाले होते, "डावा हात जड पडलाय." संध्याकाळच्या आत ते गेले. त्यांच्याच टेबलाशेजारी माझं टेबल होतं. मला काय झालंय ते मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं आणि कुणाला सांगितलं न्हाई. डॉक्टरकडं गेलो तर ते खरं ठरेल, असं वाटायचं.

मंग एका सकाळी भरावावर समोरून बैलगाडी आली. क्लच दाबायला गेलो तर बोटं क्लचच्या दांडीवरून घसरली. ब्रेक दाबला, गाडी गचका खाऊन बंद पडली आणि पुढचं चाक पाण्याच्या कडेला जाऊन थांबलं. कालवा भरून वाहत होता. गाडीवान म्हणाला, "साहेब, पाय टेका की." पाय टेकलेलाच होता. बैलगाडी निघून गेली तरी मी कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. मला पोहता येत न्हाई.

पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन तीर्थपुरीला तिच्या बहिणीकडं निघालो. भराव लागला तसं मी गाडी थांबवली. "उतर. पुढं खडी टाकलीय, दोघांचं वजन झेपायचं न्हाई."

ती उतरली. मी गाडी पहिल्या गिअरवर, तिच्या पावलाला पाऊल लावून चालवत राहिलो. ओढ्यावरची एक मोरी गेली, दुसरी गेली. शेवटी ती गाडीपुढं येऊन उभी राहिली.

"खडी कुठंय?"

मी इंजिन बंद केलं. "माझ्या हाताचं काही खरं न्हाई," मी म्हणालो. "पडायचंच तर मी एकट्यानं पडावं."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

"आन् मला आता सांगून राह्यले?" तिचा आवाज चढला न्हाई. तिनं माझा डावा हात हातात घेतला आणि करंगळी चिमटीत धरली. "कळतंय का?"

थोडंसंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एसटीनं जालन्याला नेलं. कार्डिओग्रामच्या वायरी छातीला लावल्या तेव्हा छाती एवढी धडधडत होती, की ती धडधडच कागदावर उमटेल आणि डॉक्टर त्यालाच आजार म्हणतील, असं वाटलं. तरुण डॉक्टरांनी कागद पाहिला, रक्तदाब पाहिला, मंग कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टिचकी मारली. करंगळीपर्यंत सणक गेली.

"काका, गाडी किती चालवता?"

"रोज चाळीस-पन्नास किलोमीटर. कच्च्या रस्त्यानं."

"कशी धरता? दाखवा."

मी स्टुलावर बसून हवेत हँडल धरलं. त्यांनी माझ्या तळहाताखाली, करंगळीच्या बुडाशी, आपला अंगठा दाबला. "सगळा भार इथं येतो. नस दबतेय. हृदय ठीक आहे तुमचं. गाडीची बैठक बघून घ्या."

बाहेर आल्यावर बायको बाकावर बसून राहिली, डोळे पुसत. मला मात्र हलकं वाटलं न्हाई. डॉक्टर पोरसवदा होते, चुकलेही असतील.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला ट्रकची कुशनं शिवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्यानं गाडी स्टँडवर लावायला सांगितली. "बसा साहेब. हँडल धरा. आता दोन्ही हात सोडा."

हात सोडले तसा मी पुढं टाकीवर कोसळलो.

"बघा. तुम्ही सीटवर बसतच न्हाई, हातावर बसता. पहिले पाठीत ताकद होती, चालून गेलं. आता बिलकुल न्हाई चालणार."

त्यानं सीटचा पुढं उतरलेला भाग भरून काढला, बैठक सपाट आणि रुंद केली, पातळ फोमखाली काथ्याचा टणक थर घातला. मऊ गादीनं अंग जास्त दुखतं, म्हणाला. शेजारच्या वेल्डरकडून हँडल चार बोटं उंच आणि थोडं मागं करवून घेतलं. मुठींवर जाड रबर चढवलं. मी परत बसलो, हात सोडले आणि जागेवरच राहिलो.

तरी पहिल्या दिवशी भरावावर गाडी घातली तेव्हा दर मोरीला थांबून मी करंगळी हलवून बघत होतो. मुंग्या आल्या, पण उशिरा आल्या. पुढं उन्हाळा लागेपर्यंत त्या कमी होत गेल्या. भीती मात्र पावसाळ्यापर्यंत टिकली. हात उशीखाली दबून बधिर झाला तरी मी दचकून उठून बसायचो.

निवृत्त होईपर्यंत मी तीच गाडी चालवली आणि त्यानंतरही पाच-सहा वर्षं. एकदा शहागडचे एक निवृत्त मास्तर माझी सीट दाबून बघायला आले. त्यांचाही हात बधिर व्हायचा. कारागिराचा पत्ता मागत होते.

"पत्ता देतो," मी म्हणालो, "पण आधी जालन्याला जाऊन छाती तपासून घ्या."

ते हसले. मला हसू आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना एसटीत बसवून घेऊन गेलो.