पोळपाटाची टाच

२०२३ सालचा नोव्हेंबर, दिवाळी संपून थंडी सुरू झाली होती. तेव्हा मी वजन उचलण्याचे बूट शोधायला लागलो. फेब्रुवारीपर्यंत बूट मिळाले नाहीत, किस्से मात्र भरपूर मिळाले. आमच्या जिममध्ये चहा प्यायला बसलं की एक तरी निघतोच. लोक आपापल्या परीने मीठमसाला घालतात. म्हणून म्हटलं, ज्याचे पाय त्यानेच सांगावं.

जिम म्हणजे दिल्लीच्या द्वारकेत आमच्या मार्केटखालचं तळघर. सकाळच्या बॅचला आम्ही तिघे मराठी. सलमा मुलाणी पुण्याची, गुरुग्रामला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जोसेफ साळवे नगरचा, विमा कंपनीत. आणि मी, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. सरकारी छापखान्यात कागदाची बंडलं उचलण्यात जन्म गेला. उचलायची सवय होती, म्हणून निवृत्तीनंतर लोखंड उचलायला लागलो. अनवाणी.

*

आमचे कोच नेगी गढवालचे. एक दिवस त्यांनी सांगितलं की फेब्रुवारीत दिल्लीच्या म्हाताऱ्यांची स्पर्धा आहे, तुमच्या वयोगटात उतरा. मी विचारलं, तिथे काय असतं? ते म्हणाले, माइकवरून नाव पुकारतात, मग तुम्ही मंचावर जाऊन उचलायचं.

माझं नाव माइकवरून कधी कोणी घेतलं नव्हतं. छापखान्यात माझ्या हातून लाखो लोकांची नावं गेली असतील. माझं कुठे छापून आलं नाही की कोणी पुकारलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

नेगींनी माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाले, "अंकलजी, बिना जूते के मंच पर चढ़ने नहीं देंगे."

घोडं तिथे अडलं. माझे पाय पुढून फावड्यासारखे पसरट आहेत. साधी चप्पलसुद्धा मला अंगठ्यापाशी कापून घ्यावी लागते.

*

सलमा मला तिच्या गाडीतून गुरुग्रामच्या मॉलमध्ये घेऊन गेली. या बुटांचा तळ दगडासारखा कडक असतो आणि टाच उंच, म्हणजे खाली बसताना घोटा अडत नाही. दुकानात एकच जोड होता. किंमत ऐकून मी खुर्चीवरून उठलो, सलमाने पुन्हा बसवलं.

पाय अर्ध्यावर अडकला. विकणारा गुडघे टेकून ढकलत होता, मी वरून दाबत होतो. घाम दोघांनाही. शेवटी तो म्हणाला की अंकल, चार दिवस घाला, बोटं ॲडजस्ट होतील.

मी म्हटलं, "बेटा, ये उँगलियाँ इकहत्तर साल की हैं. अब इनकी आदत नहीं बदलेगी."

सलमा येताना गाडीत बराच वेळ हसत होती. मी हसलो नाही. किंमत डोक्यातून जात नव्हती.

*

मग जोसेफने डोकं चालवलं. रुंदीत मिळत नाही तर लांबीत मोठा घ्या, आपोआप रुंद येईल. त्याने फोनवरून स्वस्तातला जोड मागवला, मापापेक्षा तीन नंबर मोठा. पाय गेला. पुढे एवढी जागा उरली की जोसेफ म्हणाला, काका, यात तुमचा डबा पण बसेल.

वजन खांद्यावरून वर फेकताना एक पाय झटक्यात पुढे टाकावा लागतो. मी टाकला. पाय पुढे गेला, बूट मागेच राहिला. वजन वर, मी एका बुटात, दुसरा दोन फूट मागे. सगळी जिम थांबून बघत होती.

नेगींनी शांतपणे वजन खाली ठेवायला लावलं. मग म्हणाले, "अंकलजी पास. जूता फेल."

जोड परत गेला.

*

ही गोष्ट बॅचभर झाली आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्या घरात काहीतरी आहे. एकाने डोंगर चढायचे बूट आणले, एकाने पावसाळी गमबूट. जोसेफने वडिलांचे मधुमेहाचे बूट आणले. त्यांत पाय असा गेला की डोळे मिटावेसे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा माझी करंगळी बुटात मोकळी बसली.

पण वजन घेतलं आणि मी डुलायला लागलो. तळ इतका मऊ की गादीवर उभं राहून उचलतोय असं वाटे. नेगी दोन्ही हात पसरून माझ्याभोवती फिरत होते.

मला चालले नाहीत. पण लोकांनी आपल्या घरातलं काढून माझ्या पायाशी आणून ठेवलं, हे मी विसरलो नाही. मी तोंडाने आभार मानणारा माणूस नाही. त्या रविवारी सगळ्या बॅचला पोहे केले.

*

शेवटी मीच उपाय काढला. शाळेतली पोरं पीटीला घालतात ते पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. कापड असल्यामुळे करंगळीशी चीर दिली की झालं. तळ पातळ आणि कडक. राहिली टाच. तिला चांगलं लाकूड हवं होतं, वजनाखाली न चिरणारं. बाजारात सगळीकडे भुशाचं दाबलेलं लाकूड.

सलमा दुसऱ्या दिवशी पिशवीतून पोळपाट घेऊन आली. शिसवी, जड, तिच्या आईने पुण्याहून दिलेला. मी नको म्हटलं. ती म्हणाली, पोळ्या मी ओट्यावर लाटते, तुम्ही कापा. मी करवतीने दोन पाचरी काढल्या, घासल्या, चिकटवल्या, वर दोन-दोन खिळे मारले. उभा राहिलो. तळ हललासुद्धा नाही.

आठवड्याने आम्ही चहा पीत असताना तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आई रोज काही ना काही विचारायची. त्या दिवशी तिने पोळपाटाचं विचारलं. काल तू ओट्यावर लाटत होतीस, पोळपाट कुठाय?

सलमाने फोन माझ्या पायांकडे वळवला. म्हणाली, "काकांच्या पायात."

पलीकडे आईंनी चष्मा लावून बघितलं. मग आई म्हणाल्या, "चपखल बसलाय ना? मग राहू दे."

*

फेब्रुवारीत स्पर्धेचा दिवस आला. हॉल बर्फासारखा थंड. जोसेफ आणि सलमा रजा टाकून आलेले. मागच्या खोलीत मी हात गरम करत होतो. दुसऱ्याच फेकीला डाव्या बुटाची टाच निघाली आणि भिंतीपर्यंत घरंगळत गेली. कॅनव्हास तळासकट फाटला होता. खिळे मारायला जागाच उरली नव्हती.

मी बाकावर बसलो. नाव पुकारायला थोडाच वेळ होता. जोसेफ लोकांचे पाय बघत खोलीभर फिरला. सगळे अरुंद.

समोरच्या बाकावर माझ्याच गटातला एक जण होता. नजफगढकडच्या गावातला शेतकरी, नाव रणधीर, मिशा पांढऱ्या. तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मला राग आला. मी विचारलं, क्या देख रहे हो?

तो उठला, बूट काढला आणि आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. तसाच. फावडा. पुतण्याने परदेशातून आणलेला त्याचा जोड खूप जुना होता, पण रुंद.

म्हणाला, "पहले तू उठा ले. फिर मैं."

आमची वजनं एकमेकांपेक्षा थोडी थोडी चढत होती, म्हणून आमच्या पाळ्या आलटून पालटून येत. मी उचलायचो, पळत मागे यायचो, बूट काढायचो. तो घालायचा, जायचा, यायचा, काढायचा. सलमा लेस सोडायची, जोसेफ बांधायचा. पंच एकमेकांकडे बघत होते, पण पायात बूट होता, कोणाचा हे विचारायचा नियम नव्हता.

शेवटी तिसरा नंबर आमच्या दोघांतच राहिला. रणधीर पुढे होता. त्याची शेवटची उचल चुकली. आता मी माझं शेवटचं वजन उचललं तर तिसरा मी, चौथा तो. नाही उचललं तर तिसरा तोच.

आणि बूट त्याच्या पायात होते.

तो मंचावरून उतरतानाच लेस सोडत होता. माझ्यासमोर खाली बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला बूट चढवले. गाठ घट्ट मारली. तेवढ्यात माइकवरून आलं, "दिनकर महादेव घुले, द्वारका."

मी गेलो. उचललं. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले, म्हणजे उचल पास.

वळून पाहिलं तर पहिली टाळी त्याची होती. मोजे घालून गार फरशीवर उभा. मी जवळ गेलो.

तो म्हणाला, "इब जूते तो दे भाई. पाँव ठंडे हो रे."

*

मार्चमध्ये सलमाला मेरठचा एक छोटा कारखानदार सापडला. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ काढून पाठवायची, त्या मापाचा तो वजनाचा बूट बनवत होता. मॉलमधल्या एका जोडाच्या किमतीत त्याचे चार आले असते. अट एकच. एवढ्या रुंद पायासाठी नवा साचा कापावा लागतो, म्हणून एका मापाचे दोन जोड घ्यावे लागतील.

सलमा म्हणाली, काका, दुसरा कपाटात ठेवा, पुढे लागेल.

मी दोन्ही मागवले. एक खोका घेऊन बसने नजफगढच्या पुढे गेलो. रणधीर अंगणात म्हशीला चारा टाकत होता. खोका बघितला आणि तोंड फिरवलं. म्हणाला, मी काही उधार दिलं नव्हतं, परत कसलं आणतोस? त्याची बायको ताकाचे पेले घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

मी म्हटलं, "तेरे नाप के हैं ही नहीं. मेरे नाप के हैं. पहनके देख."

तो खाटेवर बसला. बूट घातले. लेस बांधली. उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेला, परत आला, जागेवर दोनदा पाय आपटला. मग ते पायात तसेच ठेवून म्हशीकडे गेला.

मी ताक संपवलं आणि बस पकडली.