आधी पाणी बंद केलं

माझ्या नवऱ्याला त्याच्या चुलतभावानं खोऱ्यानं मारलं, ते भर दुपारी, आमच्याच उसात, पाण्याच्या पाळीवरून. पाळी आमची होती, त्याला ती आधी हवी होती. इंदापूर तालुक्यात पाण्यावरून भांडण झालं नाही असं एक शिवार दाखवा, मी तुमचे पाय धुवीन. मी भाकरी घेऊन बांधावर उभी होते. घाव मी पाहिले. नवरा सरीत पालथा पडला, आणि सरीत पाणी वाहत होतं.

मी ओरडले नाही. खाली बसून दोन्ही हातांनी चिखल ओढला आणि सरीचं तोंड बुजवलं. त्याच्यात अजून धुगधुगी होती आणि नाकातोंडात पाणी चाललं होतं. एवढा धिप्पाड माणूस, मला एकटीला हलणार नव्हता. पाणी तुटल्यावर त्याची मान कशीबशी वळवली आणि मग गाव गोळा होईपर्यंत ओरडले. चुलतदीर तेवढा वेळ बांधावर उभा राहून बघत होता. माणसं धावताना दिसली तसा खोरं खांद्यावर टाकून उसात शिरला. नवरा इंदापूरला नेताना टेम्पोतच गेला.

खटला बारामतीला चालला. डोळ्यांनी पाहणारी मी एकटी, त्यात मयताची बायको. चुलतदिराचे वकील गोड बोलायचे.

"नवरा पडल्यावर सगळ्यात आधी काय केलंत?"

"पाणी बंद केलं."

"नवऱ्याला हात लावलात?"

"आधी न्हाय."

"ओरडलात?"

"लगेच न्हाय. पण त्यो…"

"विचारलं तेवढंच सांगा, बाई."

ते बसले. आता आमचे सरकारी वकील उठून 'का बंद केलं' एवढंच विचारतील, म्हणून मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते फाईलची दोरी बांधत होते. पण जज्जसाहेबांनी सगळा वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं होतं. सरीच्या तोंडाशी ताजा चिखल ओढलेला होता, हे पंचनाम्यात आलं होतं. ही तिथं होती, असं त्यांनी मानलं आणि त्याला जन्मठेप दिली.

मग त्यानं अपील केलं. आमचे वकील म्हणाले, "ताई, अपिलात साक्षीदाराला पुन्हा उभं करत नाहीत. खाली जे लिहिलं गेलं तेच वाचतात."

"पण का बंद केलं ते लिवलंच न्हाय."

"ते तेव्हा यायला हवं होतं."

जणू मीच विसरले होते!

तरीही मी वरच्या कोर्टात गेले. मागच्या बाकावर बसले. पुढं माझ्याविषयी बोलणं चाललं होतं, इंग्रजीत. कॉलेजात शिकलेलं इंग्रजी जन्मात एकदाच कामाला आलं, आपली लाज कशी काढतात ते समजायला. ही बाई नात्यातली, दुसरा कुणी साक्षीदार नाही, आणि हिचं वागणं बघा. न्यायमूर्ती पानं उलटत होते. ज्या बाईचं वागणं ते तपासत होते ती समोर बसली होती आणि एकानंही मान वर केली नाही. मी उठून उभी राहिले. दाराजवळच्या शिपायानं बोटानं खाली बसायची खूण केली. बसले.

निकालाचं सार वकिलांनी फोनवर सांगितलं. डोळ्यांदेखत नवरा पडल्यावर बायको आधी पाणी बंद करते हे वागणं माणसासारखं नाही, त्यामुळं ती तिथं होती का याचीच शंका येते, आणि शंकेचा फायदा आरोपीला. चिखल कुणीही ओढला असेल. मला संताप आला तो एवढ्याचाच: खोटं रचणारीनं आधी हंबरडा फोडला असता. खोटं सांगताना पाण्याची आठवण कुणाला येते?

तो गुलालात न्हाऊन आला. माझ्यासोबत रडलेली माणसं त्याच्याकडं चहाला गेली. सासूबाई चुलीपुढं बसून होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू खरंच व्हतीस का गं तितं?" पोटचा पोरगा गेला होता त्यांचा. मी ताट घेतलं आणि उठले. त्या दिवसापासून या घरात त्या एका प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं.

कालव्याच्या चारीवर त्याचं रान आमच्या वर आहे. त्याची पाळी संपली की मी जाऊन त्याच्याकडचं तोंड बुजवायचं आणि पाणी आमच्याकडं वळवायचं. परवा गेले तर तो बांधावर उभा होता. नेमक्या त्याच जागी.

"घ्या वैनी, बंद करा," तो म्हणाला. मी खोरं चालवत राहिले.

"त्या दिशी हातानंच बंद केलं व्हतं तुमी. त्याच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून न्हवं? मी बघत व्हतो की हितं हुबा राहून."

मग हसला आणि आपल्या वाटेनं गेला.

मी पाणी तसंच सोडून घराकडं धावले. धापा टाकत सासूबाईंना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनखी कुणी ऐकलं का?"