विमलचं चौथं प्रकरण

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी येरमाळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते. साध्या काविळीनं असं माणूस हातातून जातं, हे मला अजून पटत नाही. पण हे लिहायला बसले ते दुःखानं नाही, रागानं.

धाराशिवच्या कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायची, मी इतिहास. तिचं गाव सास्तूर. भूकंपानंतर वसवलेल्या गावात, एकसारख्या घरांच्या ओळीत ती वाढली. आपलं घर असंच असावं हे कुणी ठरवलं, तेव्हा सभागृहात कोण काय बोललं, हा तिचा लहानपणापासूनचा प्रश्न. त्यातूनच पीएचडीचा विषय निघाला, आमदार धोरण कसं ठरवतात. विधानसभेच्या कामकाजाचे जाडजूड खंड ती चवीनं वाचायची... आणि मग आमदारांच्या दारातल्या सकाळच्या गर्दीत जाऊन बसायची. आधी लोक काय मागतात ते ऐकायचं, मग आमदाराशी बोलायचं, ही तिची पद्धत. आमच्या भागातल्या एका आमदारांनी मोकळेपणानं सांगून टाकलं, "ताई, बिल कोण वाचतंय? वर ठरतंय, आमी हात वर करतो." तिनं हे सांगितलं तेव्हा मी हसले, तर माझ्यावरच उखडली. "हसू नको. त्यांच्या दारात कायद्याचं विचारणारा एक माणूस दिसला न्हाय मला. रोड मागतेत, बदली मागतेत. मग ते तरी कशाला वाचतील?" हे सगळं चौथ्या प्रकरणात आलं, आमदारांच्या परवानगीनं, नावानिशी.

तिथंच माशी शिंकली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्या आमदारांचे मेहुणे. तेवढं प्रकरण काढा, प्रबंध पुढं जाईल, असा निरोप गाइडकडून आला. "ते काढलं तर राहतंय काय?" एवढंच ती म्हणाली. प्रबंध पडून राहिला. मागून आलेले डॉक्टर झाले आणि तिलाच संशोधन कसं करावं ते सांगू लागले.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. हयातीत जिला भेटीची वेळ दिली नाही, तिला अध्यक्ष 'विदुषी' म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, विमलचा प्रबंध संस्था पुस्तकरूपानं काढणार, तसा ठराव आहे, सर्वांना मंजूर? सगळा हॉल म्हणाला, "मंजूर!" ठराव एकानंही वाचला नव्हता. तिच्याच शोकसभेत! मी उठले. "सर, ठराव आधी वाचून दाखवा." क्लार्कनं चाचरत वाचला. त्यात होतं, 'चौथे प्रकरण वगळून.'

तेवढ्यात तिचे थोरले भाऊ दत्तूअण्णा उठले. "आमचं नामंजूर हाय. छापायचं तर समदं छापा, न्हायतर राहू द्या." अध्यक्ष 'भावना समजू शकतो' म्हणत गाडीत बसले. पुस्तक आता निघणार नाही.

रविवारी सास्तूरला जाऊन आले. विमलच्या खोलीत तिच्या टेबलावर अण्णांनी ते प्रकरण मांडून ठेवलंय, वर तिचा चष्मा. दाराला कुलूप नाही. "ज्याला वाचायचंय त्यानं यावं," अण्णा म्हणाले. "आमदारसाहेब आले तर त्यांनाबी चहा ठेवतो. पण बसून वाचावं लागंल."