खुर्ची बाई कसा झाला?

“मास्तर, खुर्ची बाई कसा झाला?” असं विचारून माझा वर्गमित्र पालथी मूठ हनुवटीला लावायचा आणि उत्तराची वाट बघत उभा राहायचा.

खरंच, कशी झाली? तुम्ही तरी सांगाल का? आमच्या हायस्कुलातल्या मास्तरांनाही सांगता येत नसे, म्हणून ते त्याला बाकावर उभं करत.

तो सोलापुरातल्या हातमागवाल्यांच्या घरातला. घरी तेलुगू. बीजगणितात मास्तरांच्याही पुढे, पण मराठीत त्याची आई ‘आला’ आणि सायकल ‘मोडला’. गणितं तो मला शिकवायचा, व्याकरण मी त्याला. दोन्ही शिकवण्या वाया गेल्या. दोन्हींत दोष माझाच.

एकदा मी गंभीर चेहऱ्यानं त्याला सांगितलं, “मोठ्या माणसाला मान द्यायचा तर ‘आल्या’ म्हणावं.” दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्टरसाहेब वर्गात शिरले आणि हा उठून ओरडला, “साहेब आल्या!” चार छड्या बसल्या. माझं नाव त्यानं सांगितलं नाही. वाटेत हात चोळत एवढंच म्हणाला, “तुझा भाषा लई लबाड आहे की रे. तू बरा आहेस.”

घरी ही गोष्ट मी इथपर्यंतच सांगतो. मुलं पोट धरून हसतात.

मॅट्रिकच्या वर्षी विषमज्वरानं तो आठ दिवसांत गेला. मी तेव्हा मंगळवेढ्याला मामाकडे होतो. परतल्यावर कळलं, तसा धावत त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं माझा हात धरला आणि ती तेलुगूत बोलत राहिली. मध्ये दोनदा माझं नाव आलं. ती रिकाम्या अंथरुणाकडे बोट करत होती, त्यावरून शेवटी शेवटी तो माझ्याविषयी काहीतरी बोलला होता, एवढं उमगलं. काय, ते नाही. चार वर्षं त्या घरी जेवलो, पण त्यांचा एक शब्द शिकलो नव्हतो. शेजारी विचारायला माणसं होती, लाज वाटली. सगळं समजल्यासारखी मी मान हलवली. आणि मान हलवल्यावर पुन्हा विचारायचं कसं?

एक शब्द तेवढा ती परत परत म्हणत होती. तो तोंडात घोळवत नवी पेठेत आलो आणि एका तेलुगू कापडवाल्यापुढे म्हणून दाखवला.

“असा शब्दच नाय, बाळ,” तो म्हणाला. “परत म्हण बघू.”

परत म्हटला. गादीवर बसलेली गिऱ्हाइकं हसली. दुकानदारही हसला. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

मी जीभ टाळ्याला लावली, त्यांना हसवायला मुद्दाम तोंड वाकडं केलं आणि आणखी एकदा म्हणून दाखवला.