परत आलेलं गिऱ्हाईक

"मग आम्ही निघतो," असं इंग्रजीत शांतपणे म्हणून प्रणालीने लीव्हचं बटण दाबलं. समोरची टीम स्क्रीनवरून गेली.

उल्हासनगरच्या एका लॉ कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशन आणि निगोशिएशन शिकवते. आर्बिट्रेशन म्हणजे वाद कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचांकडे नेणं. निगोशिएशन म्हणजे समोरासमोर बसून आपापसात मार्ग काढणं. परदेशातल्या एका टीमबरोबर ही आमची ऑनलाइन सराव फेरी होती. ती बघून प्रिन्सिपल सर ठरवणार होते, स्पर्धेला टीम पाठवायची की नाही. प्रणालीचं शेवटचं वर्ष. तिला पुन्हा संधी नव्हती.

केस काल्पनिक. आमची कंपनी अंबरनाथची. तिचं मशीन बंद पडलेलं आणि त्याचा पार्ट फक्त समोरची कंपनी बनवते. नव्या करारात गाडी अडली 'सीट'वर. सीट म्हणजे पुढे वाद झाला तर आर्बिट्रेशन कायद्याने कुठलं मानायचं ते ठिकाण. तिथल्या कोर्टाची त्यावर देखरेख असते. आम्हाला मुंबई हवी होती, त्यांना सिंगापूर.

प्रणाली बदलापूरची, शिरगावला राहणारी. आईबरोबर उल्हासनगरच्या बाजारात खरेदी करत मोठी झालेली. भाव जमला नाही की पाठ फिरवायची. चार पावलांत मागून हाक येतेच.

दोन मिनिटं गेली. हाक आली नाही.

सर माझ्याकडे झुकले. "मॅडम, काहीतरी सांगा मुलांना."

"फेरी चालू असताना कोचने बोलायचं नसतं, सर."

एरवी मी कमीच बोलते. त्या दिवशी गप्प बसणं पहिल्यांदा जड गेलं.

प्रणालीचा जोडीदार हितेश. त्याच्या पप्पांचं उल्हासनगरच्या त्याच बाजारात कपड्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "कोई नहीं बुलाएगा, प्रणाली."

"थांब ना. बोलावतील."

"का बोलावतील? हा पार्ट बाजूच्या दुकानात मिळतो काय? जो खरंच दुसरीकडे चाललाय, पप्पा त्यालाच हाक मारतात. चेहरा बघून कळतं त्यांना."

"आता परत गेलो तर नाक कापलं जाईल."

"परत आलेल्या गिऱ्हाइकाला पप्पा आधी पाणी विचारतात. चल, जॉइन कर."

तिने जॉइन केलं. समोरचे अजून बसलेले होते. "आम्ही घाई केली," ती सरळ म्हणाली. "आधी पार्टचं बोलू या का?" समोरच्या मुलीने हसून मान डोलावली.

उरलेल्या वेळात सीट सिंगापूर ठरली, पण सुनावण्या मुंबईत. सीट एकीकडे आणि सुनावण्या दुसरीकडे असू शकतात, हे मुलं नेहमी विसरतात. प्रणालीला आठवलं. बदल्यात पार्ट त्याच आठवड्यात निघणार होता.

सर उठले. "पाठवा टीम. फक्त हिच्या हातात माउस देऊ नका."

आता पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: उठून गेलात, तर जाणार कुठे? उत्तर नसेल, तर बसून राहा.

स्पर्धेत माउस हितेशकडे होता. बोलली प्रणालीच.